घरचे आवाज, फोटो जपायचेत: सीडी, डीव्हीडी की ब्लू-रे?

आजीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवरून सीडीवर घेतल्या आणि वर बॉलपेनाने ठळक नाव लिहिलं. काही वर्षांनी सीडी लावली, तर नेमक्या शेवटच्या ओव्या अडखळू लागल्या. तेव्हापासून चकती घेताना मी आधी हे बघते, की माहिती तिच्या कुठल्या थरात आहे.

तिन्हींमध्ये माहिती आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेघेत असते. सीडीवरची रेघ सरळ केली, तर सुमारे ५ किलोमीटर भरेल. कारखान्यात छापलेल्या चकतीत या रेघेवर बारीक खळगे असतात. लेसर खळग्याच्या कडेवरून गेला, की परत येणारा प्रकाश बदलतो, तो १; बदल नसेल तोवर ०. घरी राइट केलेल्या चकतीत खळग्यांऐवजी लेसरने उमटवलेल्या खुणा असतात.

सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा लाल, ६५० चा, ब्लू-रेचा जांभळट, ४०५ चा. तरंगलांबी कमी तसा ठिपका बारीक आणि रेघा जवळजवळ. म्हणून सीडीवर ७०० एमबी, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी आणि ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात.

पण टिकण्याच्या दृष्टीने थर महत्त्वाचा. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि माहिती असते थेट लेबलाखाली, लॅकरच्या पातळ लेपाआड. लोक खालची चकचकीत बाजू जपतात. तिथला लहान ओरखडा प्लेअर जादा नोंदवलेल्या माहितीवरून भरून काढतो. वरून पेन रुतलं, तर मात्र माहितीचा थरच दुखावतो. माझं तेच झालं. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून माहिती मधोमध ठेवलेली असते, म्हणून लेबलाच्या बाजूने ती जास्त सुरक्षित. ब्लू-रेत माहिती वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते, म्हणून त्या बाजूला कडक लेप देतात.

दुसरा धोका रंगाचा. घरी राइट करायच्या सीडी-आर आणि साध्या डीव्हीडी-आरमध्ये खुणा उमटतात त्या थरात सेंद्रिय रंगद्रव्य असतं. ऊन, उष्णता आणि दमट हवा त्याला मानवत नाही. कोकणातल्या घरात तर पावसाळाभर दमटपणा असतो. बहुतेक ब्लू-रे आर चकत्यांत असेंद्रिय थर असतो. वेष्टनावर ‘एलटीएच’ असेल, तर मात्र ती घेऊ नका, तिच्यातही सेंद्रिय रंगद्रव्यच असतं.

जुन्या म्युझिक सिस्टिमवर भजनं ऐकायची असतील, तर ऑडिओ सीडी छान. एकुलती प्रत म्हणून नको. दोन-चार जीबी फोटोंसाठी मी एम-डिस्क प्रकारची, म्हणजे रंगद्रव्याऐवजी असेंद्रिय थर असलेली डीव्हीडी घेईन: साधा डीव्हीडी ड्राइव्ह ती वाचतो, लिहायला मात्र तिला चालणारा रायटर लागतो. लग्नाच्या मोठ्या व्हिडिओसाठी ब्लू-रे, पण वेगळ्या ड्राइव्हचा खर्च धरा. डीव्हीडी ड्राइव्ह ब्लू-रे वाचू शकत नाही.

चकती पुसताना गोल फिरवू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. गोल ओरखडा रेघेच्या बाजूनेच धावतो आणि लागोपाठची माहिती जाते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात क्षणभरच आड येतो.

आजीची कॅसेट मी टाकली नव्हती. ओव्या पुन्हा उतरवून घेतल्या आणि एम-डिस्क डीव्हीडीच्या दोन प्रती केल्या. एक माझ्याकडे आहे, दुसरी मावशीकडे.