डोंगरउताराच्या जमिनीला कोणता ट्रॅक्टर? पॉवर टिलर ते 40 एचपी, एक तुलना

मुंबई-पुण्यात नोकरी, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात वडिलोपार्जित सात-आठ एकर. खाली व्हाळाच्या कडेने चार कुणगे (भाताची छोटी खाचरं), वर वरकस (हलकी उताराची जमीन), त्याच्या वर काजू आणि आंब्याची कलमं. अशा जमिनीसाठी ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती एचपीचा घेऊ?’ शोरूममध्येही बोलणं तिथूनच सुरू होतं, कारण भाव एचपीवर लावलेले असतात. घाटावरच्या सपाट काळ्या रानात तो प्रश्न योग्यच आहे. उतारावर मात्र एचपीचा नंबर तिसरा. आधी रुंदी, मग वजन आणि ते ओढणाऱ्या किती चाकांवर पडतं, आणि मग एचपी.

तुलनेला चार पर्याय घेतले आहेत: 12 ते 15 एचपीचा पॉवर टिलर, 15 ते 20 एचपीचा टू-व्हील मिनी (इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना), 21 ते 27 एचपीचा फोर-व्हील मिनी (ताकद चारही चाकांना), आणि 28 ते 40 एचपीचा फोर-व्हील. माझा कल तिसऱ्याकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण बऱ्याच जणांना पहिल्यावरच भागवता येईल, आणि काहींनी काहीच घेऊ नये.

शोरूमच्या आधी टेप आणि बांबू

दोन मापं घ्या. पहिलं, यंत्राच्या वाटेवरची सगळ्यात अरुंद जागा. पाणंद कुठे आवळते, गडग्यातलं बेडं (आत शिरायची वाट) किती फुटांचं आहे, साकवावरून गाडी जाते का. मिनी ट्रॅक्टरची रुंदी साधारण तीन ते चार फूट असते, नेहमीच्या 45 एचपीच्या ट्रॅक्टरची साडेपाच-सहा. मागे लावायचा रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) चाकांपेक्षा रुंद असेल तर माप त्याचं धरायचं. चिऱ्याचे खांब एकदा बांधले की ते हलवायला कुणी तयार नसतं, त्यामुळे हे माप आधी.

दुसरं, सगळ्यात खड्या जागेचा उतार. दहा फुटी सरळ बांबू घ्या. एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा, वर गवंड्याची लेव्हल ठेवून बांबू आडवा करा, आणि दुसऱ्या टोकाखाली जमीन किती खोल आहे ते मोजा. एक फूट आलं तर उतार 10 टक्के, दीड फूट आलं तर 15. हे टक्के आहेत, अंश नव्हेत. 15 टक्के म्हणजे जेमतेम साडेआठ अंश. ‘आमचा डोंगर 45 अंशाचा आहे’ असं सांगणाऱ्यांचा उतार बांबू लावल्यावर बहुतेक वेळा 20-25 टक्क्यांत येतो. तेवढाही ट्रॅक्टरसाठी पुष्कळ झाला.

एचपी पुरतं, पकड पुरत नाही

हा हिशेब एकदा स्वतः करून पाहा, म्हणजे शोरूममध्ये घसरायला होत नाही. 800 किलोचा ट्रॅक्टर, मागे भरलेली 1200 किलोची ट्रॉली, एकूण 2 टन. 15 टक्क्यांच्या चढावर हे ओढायला नुसत्या चढापायी 300 किलोची ओढ लागते. कच्च्या मुरमाच्या रस्त्यावर चाकं फिरवायला आणखी दीडशे किलो धरा. झाले साडेचारशे. ताशी 5 किलोमीटरच्या चालीने ही ओढ द्यायला चाकांवर सव्वाआठ-साडेआठ एचपी लागतात, गिअरमधली घट धरून दहा. म्हणजे ताकद 15 एचपीच्या इंजिनातही आहे.

पण ती जमिनीवर उतरायला हवी. टू-व्हील ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर चढावर साडेपाचशे-पावणेसहाशे किलो पडतात. कोरड्या मुरमावर टायर त्यातल्या साठेक टक्क्यांइतकी ओढ देतो, म्हणजे साडेतीनशेच्या आत. चाक जागेवर फिरतं. त्याच वजनाचा फोर-व्हील ट्रॅक्टर सगळे 800 किलो कामाला लावतो, त्याची ओढ 480 पर्यंत जाते आणि ट्रॉली वर निघते. पावसात लाल माती बुळबुळीत झाली की पकड चाळीस टक्क्यांवर येते, मग फोर-व्हीललाही ती खेप जमत नाही. ट्रॉलीचं थोडं वजन हूकवर येऊन पकड वाढते हे खरं, पण त्यावर भरवसा ठेवून खेप भरू नये.

म्हणून 15 वरून 20 एचपीवर उडी मारून टू-व्हीलच घेतला, तर चढावर फारसं काही बदलत नाही. तेच पैसे पुढच्या चाकांच्या जोडणीत गेले तर बदलतं.

पॉवर टिलर

कामको आणि व्हीएसटी ही कोकणात ओळखीची नावं. तीन-चार एकर, त्यातही मुख्य काम भातखाचरांचं, असं असेल तर पुढचं फारसं वाचायची गरज नाही. आठ-दहा फूट रुंदीच्या कुणग्यात चारचाकी यंत्र वळवण्यातच निम्मा वेळ जातो. टिलर बांधावरून उतरतो, केज व्हील (लोखंडी पट्ट्यांची चाकं) लावून चिखलणी करतो आणि रुतला तर चार माणसं तो काढतात.

किंमत पायांनी मोजावी लागते. रोटरीची रुंदी 60 सेंटीमीटर धरली तर एक एकर एकदा फिरवायला पावणेसात किलोमीटर चाल होते, आणि चिखलणी एका फेरीत होत नाही. साठीच्या काकांना किंवा राखणदाराला हे झेपेल का, हा विचार करूनच घ्यावा.

आणखी एक गोष्ट माहिती नसेल तर अपघाताला आमंत्रण. टिलर साइड क्लचवर वळतो, म्हणजे दोन्ही चाकांना वेगळा क्लच असतो आणि दाबलेल्या बाजूच्या चाकाची इंजिनाशी जोडणी सुटते. सपाटीला डावा क्लच दाबला की तो डावीकडे जातो. उतारावरून खाली येताना इंजिन यंत्राला मागे धरून ठेवत असतं, त्यामुळे डावा क्लच दाबला की ते चाक मोकळं होऊन पुढे पळतं आणि टिलर उजवीकडे वळतो. ट्रॉली मागे असताना हा उलटा खेळ नवख्याच्या लक्षात येईपर्यंत कडा आलेली असते. उतारावर क्लचला हात न लावता दांडीने वळवायचं, हे पहिल्या दिवशी शिकवा.

15 ते 20 एचपी, टू-व्हील

महिंद्राचा युवराज 215, स्वराज 717 या गटातले. युवराज एक सिलिंडरचा, 15 एचपीचा, वजन पावणेआठशे किलोच्या घरात. दुरुस्ती सोपी, तालुक्याच्या गावात मेकॅनिक मिळतो, किंमत फोर-व्हील मिनीच्या जवळजवळ दोन तृतीयांश. देवगड-राजापूरच्या सड्यावर, जिथे बाग तुलनेने सपाट कातळावर आहे, तिथे फवारणीचा पंप, पाण्याची टाकी, हलकी ट्रॉली यासाठी तो उत्तम.

पण वाटेत दहा-बारा टक्क्यांच्या वरचा एक जरी चढ असेल तर पावसाळ्याचे चार महिने हा खळ्यात उभा राहील. मागच्या टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरून पकड थोडी वाढवता येते, वजन खाली राहिल्याने तोलही सुधारतो. तोडगा चांगला आहे, पण तोडगाच.

21 ते 27 एचपी, फोर-व्हील

कुबोटाचा निओस्टार ए211एन 21 एचपीचा आणि बी2741 हा 27 एचपीचा, महिंद्राचा जिवो 245 हा 24 चा. शिवाय ओजा मालिका आहे. ती 15 ऑगस्ट 2023 ला केपटाऊनमध्ये जाहीर झाली, जपानच्या मित्सुबिशी महिंद्रासोबत विकसित केलेली, आणि तिची सगळी मॉडेल्स फोर-व्हील आहेत.

या गटातली गंमत अशी की एचपी जास्त असूनही वजन फारसं वाढत नाही. कुबोटाचे छोटे ट्रॅक्टर तर युवराजपेक्षाही हलके भरतात. बागेला हे फायद्याचं, माती कमी दाबली जाते. ट्रॉलीला तोट्याचं, कारण वर पाहिलं तसं ओढ शेवटी वजनातूनच येते. ज्यांना बेणणी, फवारणी आणि थोडी वाहतूक करायची त्यांच्यासाठी हा गट. ज्यांना चिरे आणि वाळूच्या खेपा मारायच्या त्यांच्यासाठी नाही.

कोकणातल्या बागेत ट्रॅक्टरला खरं काम किती, तेही पाहू. आंब्याची फवारणी बहुतेक ठिकाणी एचटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणी पंप) आणि लांब पाइप घेऊन होते. मोहराच्या वेळी तुडतुडे आणि भुरीसाठी फेऱ्या माराव्या लागतात, पण त्या पंपाला चार-पाच एचपी पुरतात. पाऊस ओसरल्यावर गवत मारायला चार फुटी स्लॅशर लागतो, तो 24 एचपी आरामात फिरवतो. राहिला रोटाव्हेटर. इथे माझं मत थोडं कडवट आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उतारावर माती भुसभुशीत करून ठेवली तर ती जूनमध्ये व्हाळात जाते. कलमांखाली गवत कापावं, मुळं राहू द्यावीत. म्हणजे ‘रोटाव्हेटर जोरात चालावा म्हणून मोठा घ्या’ हे कारण निम्म्या बागांना लागूच होत नाही.

झाडांतलं अंतर बघा. जुन्या पद्धतीची 10 मीटरवरची कलमं असतील तर काहीही फिरतं. 5 मीटरवरची घन लागवड असेल तर हाच गट, आणि तोही मागची लोखंडी सुरक्षा चौकट दुमडता येणारा. चौकट उभी असताना सीटचा पट्टा बांधायचा, फांद्यांखाली दुमडली तर सोडायचा. उलटं करू नका. चौकट दुमडलेली असताना पट्टा बांधला तर ट्रॅक्टर उलटल्यावर माणूस त्याखालीच बांधलेला राहतो.

महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीसाठी घेणाऱ्यांनी एक वजावट धरावी. टर्बो नसलेलं इंजिन उंचीवर दर 100 मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावतं. महाबळेश्वर 1370 मीटरच्या आसपास, म्हणजे तिथे 24 एचपीचे 21 समजा.

28 ते 40 एचपी

जॉन डिअर 3028 ईएन, ओजाचा 3140, असे ट्रॅक्टर. वजन टनाच्या पुढे, ट्रॉलीला भक्कम. आजरा, चंदगड, भुदरगडकडे, जिथे ऊस बाहेर काढायचा असतो आणि शेताचे तुकडे मोठे असतात, तिथे हा शोभतो. दक्षिण कोकणातल्या आठ एकरांत मला तो बहुतेक वेळा हौस वाटतो. दहा एकरांच्या वर सलग काजू असेल, किंवा भाड्याने चालवायचा बेत पक्का असेल, तर हरकत नाही.

चढायचं जमलं, आता उतरायचं

घेणारा नेहमी चढाबद्दल विचारतो, अपघात मात्र उतारावर होतात. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात, आणि उतरताना वजन पुढे सरकतं, म्हणजे ब्रेकची चाकं हलकी होतात. फोर-व्हील जोडलेला असेल तर इंजिनाचा रोध पुढच्या चाकांनाही मिळतो. चढण्याइतकीच ही बाब उतारवाल्याला मोलाची आहे, आणि माहितीपत्रकात ती कुठेच नसते. चढताना ज्या गिअरमध्ये गेलात त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरा, क्लचला पाय लावू नका, दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवून ठेवा. पक्क्या डांबरी रस्त्यावर आलात की फोर-व्हील काढा, नाहीतर टायर आणि गिअर दोन्ही झिजतात.

ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचं भरलेलं वजन उतारावर ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त असू नये, असा नियम मी धरेन. 650 किलोच्या मिनीला या हिशेबाने खेप फारच छोटी बसते. ती परवडत नसेल तर वाहतुकीला पिकअप सांगा.

मागे 400 लिटरची टाकी लावून सरळ चढावर गेलात तर पुढची चाकं उचलतात. ‘लिफ्ट 750 किलो’ लिहिलेलं असतं, ते हायड्रॉलिक काय उचलेल याबद्दल आहे, पुढचं टोक जमिनीवर राहील याबद्दल नाही. पुढे वजनाच्या पाट्या लावा, टाकी अर्धी भरा. आडव्या उतारावरून जाणं टाळा. एखादा धोंडा वरच्या चाकाखाली आणि खड्डा खालच्या चाकाखाली आला की 15 टक्क्यांचा उतार क्षणात 30 चा होतो.

मग कुणी काय घ्यावं

वर्षाला शंभर तासांचंही काम निघत नसेल तर काही घेऊ नका. ब्रश कटर घ्या, चिखलणीला गावातला टिलर सांगा. चार एकरांपर्यंत आणि भात मुख्य असेल तर टिलर. सड्यावरची सपाट बाग असेल तर 15 एचपीचा टू-व्हील, उगाच जास्त खर्च नको. पाच ते पंधरा एकर चढउताराची बाग असेल तर 21 ते 27 चा फोर-व्हील. त्यातही 21 आणि 27 मध्ये अडलात तर जो अरुंद आणि ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ तो. पुढच्या अॅक्सलचं काम गावच्या गॅरेजात सहसा होत नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, तेव्हा जुनं कोटेशन असेल तर नवीन मागा. अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत बिल करू नका. आधी खरेदी केलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही.

डेमो शोरूमच्या आवारात घेऊ नका, तुमच्या जमिनीत मागवा. शक्य असेल तर श्रावणात, बांबूने मोजलेल्या त्याच खड्या जागी, आणि पुढे गाडी चालवणार असेल त्याच माणसाला बसवून. विक्रेता ‘पाऊस थांबू दे, मग आणतो’ म्हणाला, तर दुसऱ्या विक्रेत्याला फोन करा.