सदर्न ओशन लिहू की अंटार्क्टिक ओशन?

भाचीचा काल रात्री मेसेज, मामा इंग्लिश प्रोजेक्टमध्ये अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागराचं नाव नेमकं काय लिहू, मॅडम एक म्हणतात आणि पुस्तकात दुसरंच.

आधी कुठलं नाव जास्त वापरतात ते बघू. सदर्न ओशन सरळ पुढे आहे, नॅशनल जिओग्राफिकने 2021 मध्ये नकाशांवर पाचवा महासागर म्हणून हेच नाव घेतलं, आणि आपल्या गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या मोहिमांनाही हेच नाव असतं. अंटार्क्टिक ओशन चूक नाही हं, पण कमी दिसतं.

अर्थाच्या बाबतीत मात्र अंटार्क्टिक भारी, वाचल्याबरोबर बर्फ डोळ्यापुढे येतो. सदर्नचा घोळ असा की साधारण 60 अंश दक्षिणेपासून खालचं पाणी असं धरतात, पण ऑस्ट्रेलियावाले स्वतःच्या दक्षिण किनाऱ्यापासूनच सुरू करतात, त्यामुळे एकदा हद्द लिहून टाकायची.

स्पेलिंग? अंटार्क्टिकमधला मधला सी पोरं हमखास खातात, भाचीनेही खाल्लेला. सदर्नमध्ये एस आणि ओ दोन्ही कॅपिटल, नाहीतर दक्षिणेकडचा कुठलाही समुद्र वाटतो. 'द' दोन्हीला लागतोच.

प्रोजेक्ट, पेपर, रिपोर्ट असेल तर सदर्न. लहान मुलांना गोष्ट सांगायची किंवा जुना नकाशा समजावायचा तर अंटार्क्टिक चालेल.