कार्लोस की तोमिता: आधी कुणाला ऐकावं?

मूग सिंथेसायझरवरचं, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या वाद्यावरचं, सुरुवातीचं संगीत ऐकायचं म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात, वेंडी कार्लोस आणि इसाओ तोमिता. दोघांचंही यंत्र एका वेळी एकच सूर वाजवणारं. त्यामुळे सुरांची एकेक ओळ टेपवर वेगळी घ्यायची आणि थरावर थर चढवत जायचं, ही मेहनतही सारखीच. ऐकायला मात्र दोघं अगदी वेगळे.

कार्लोस यांचा १९६८चा ‘स्विच्ड-ऑन बाख’ हा अल्बम कोरडा आणि लख्ख आहे. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख, त्याच्या एकमेकींत गुंतलेल्या ओळींना इथे आपापला रंग मिळालाय, त्यामुळे कोणती ओळ कुठे शिरली ते बोट ठेवून दाखवता येतं. तिसऱ्या ब्रांडेनबर्ग कॉन्चेर्टो या वाद्यवृंदरचनेचा मधला भाग तर चुकवूच नका. बाखने तिथे दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, लिहून ठेवलेत. बाकीचं सगळं कार्लोस यांचं. डिस्को संगीतासाठी गाजलेल्या जॉर्जिओ मोरोडरसारखा माणूस सिंथेसायझरकडे वळला तो याच रेकॉर्डमुळे.

आणि तोमितासुद्धा! ही रेकॉर्ड ऐकूनच त्यांनी १९७१च्या सुमारास जपानमध्ये मूग मागवला. हे वाद्य आहे, हे तिथल्या कस्टमवाल्यांना पटेना. १९७४मध्ये फ्रेंच संगीतकार डेब्युसीच्या पियानोरचनांचा त्यांचा अल्बम आला, ‘स्नोफ्लेक्स आर डान्सिंग’. त्यात तोमिता ओळी सुट्या करून दाखवत बसत नाहीत, सरळ धुकं पसरतात. त्यातून मध्येच कुणीतरी शिट्टी घालावी तसा सूर येतो, आणि एका सुरावर रमायची सवय असलेल्या आपल्या कानाला तो लगेच धरता येतो. निदान मला तरी आला.

पण माझं पारडं झुकलं ते एका वैतागापायी. कार्लोस यांचं मूळ काम स्ट्रीमिंगवर नाही. नाव टाकून शोधलं की त्या यशानंतर निघालेल्या नकलाच पुढ्यात येतात. एका मित्राला मी मोठ्या उत्साहाने हा अल्बम सुचवला. त्याने भलतंच काहीतरी ऐकलं आणि “बरं आहे, जिंगलसारखं वाटतं,” म्हणाला. मग जुनी एलपी मिळवली. ती इतकी घासलेली, की त्या कोरड्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ‘टक्’ सुराच्या बरोबरीने वाजायचा. तोमिता शोधले की सापडतात, लिंक पाठवली की समोरचा तेच ऐकतो.

बाख आधीच कानात बसलेला असेल तर कार्लोसच ऐका, त्याबद्दल वाद नाही. नाहीतर मी म्हणेन तोमिता. पुढची वाटही सोपी आहे: त्यांचे सहायक हिदेकी मात्सुताके नंतर यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी इलेक्ट्रॉनिक बँडबरोबर काम करत होते, तिकडे वळा.

फक्त हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर तोमितांच्या धुक्याचा नुसता गोंगाट होतो. त्यावरच ऐकणार असाल, तर कार्लोस यांची जुनी सीडी हुडकायची खटपट केलेली बरी.