यकृताच्या संशोधनासाठी पेशी कोणत्या निवडाव्यात?

नवे औषध यकृताला मानवेल की नाही, किंवा यकृताचा एखादा आनुवंशिक आजार पेशीत नेमका कसा घडतो, हे तपासायला निघालेल्या संशोधकापुढे तीन वाटा असतात : दात्याच्या यकृतातून थेट वेगळ्या केलेल्या पेशी, यकृताच्या गाठीपासून तयार झालेल्या पेशीमालिका (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशी) आणि मानवी मूलपेशींपासून घडवलेल्या यकृतपेशी. यकृताला असलेला धोका आधी हेरता आला नाही तर काय होऊ शकते, याची जाणीव ठेवण्यासाठी १९९३ सालची फियालुरिडीनची चाचणी आठवावी. हेपटायटिस ‘बी’वरील या औषधाच्या अमेरिकेतील चाचणीत १५ रुग्णांपैकी सात जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली. त्यांतले पाच दगावले आणि दोघे यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले. प्राण्यांवरील आधीच्या चाचण्यांत हा धोका दिसला नव्हता.

दात्याच्या पेशी आजही कसोटीचा दगड मानल्या जातात, आणि ते रास्त आहे, कारण औषधांचे विघटन करणारी सायटोक्रोम पी-४५० कुलातील विकरे (एन्झाइम) त्यांच्यात प्रौढ यकृताइतकी कार्यक्षम असतात. मात्र त्या बहुधा प्रत्यारोपणासाठी नाकारलेल्या यकृतांतून मिळतात, प्रयोगशाळेतील बशीत त्यांची संख्या वाढत नाही, आणि सपाट पृष्ठभागावर ठेवल्यास काही दिवसांतच त्या आपले यकृतपण गमावू लागतात. गोलकांच्या रूपात वाढवल्या तर त्या काही आठवडे टिकतात. तरीही एका दात्याची खेप संपली की दुसरी अगदी तशीच मिळत नाही, आणि दीर्घकालीन प्रकल्पासाठी ही मोठी अडचण ठरते.

हेपजी-२ ही मालिका पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या यकृतातील गाठीपासून तयार झाली. ती स्वस्त व चिवट आहे आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून अनेक भारतीय प्रयोगशाळांनी ती घेतली आहे. पद्धत बसवण्यासाठी ती उत्तम. परंतु तिच्यात पी-४५० विकरे फारच कमी असल्यामुळे, शरीरात विघटन झाल्यावरच विषारी ठरणारे औषध तिच्यावर निर्धोक भासू शकते. हेपारजी या फ्रान्समध्ये विकसित झालेल्या मालिकेत ही उणीव बरीच भरून निघते. मात्र पेशी वाढवण्यात दोन आठवडे व परिपक्व करण्यात आणखी दोन आठवडे जातात, आणि अखेर हाती येतो तो एकाच व्यक्तीचा जनुकसंच.

मूलपेशींची वाट अधिक लांबची आहे. मानवी भ्रूणीय मूलपेशी १९९८ मध्ये प्रथम वेगळ्या झाल्या. पुढे शिन्या यामानाका यांनी चार जनुकांच्या साहाय्याने प्रौढ पेशीला मूलपेशीसारखे बहुक्षम (शरीरातील जवळपास कोणतीही पेशी बनू शकणारे) करून दाखवले : २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींत. अशा पेशींना यकृताकडे वळवताना भ्रूणातील घटनाक्रमाचेच अनुकरण केले जाते. अ‍ॅक्टिव्हिन-ए देऊन आधी अंतःस्तर (भ्रूणाचा आतला थर, ज्यातून यकृत बनते) घडवतात, मग बीएमपी-४ आणि एफजीएफ-२ या वाढघटकांनी त्याला यकृताची दिशा देतात, आणि शेवटी एचजीएफ व ऑन्कोस्टॅटिन-एम यांच्या साहाय्याने परिपक्वता आणण्याचा प्रयत्न करतात. याला सुमारे तीन आठवडे लागतात. वाढघटक महाग असतात, आणि एका मालिकेवर जमलेली कृती दुसरीवर जशीच्या तशी जमेल याची खात्री नसते.

खरी मर्यादा मात्र खर्चाची नसून वयाची आहे. या पेशी अल्ब्युमिन स्रवतात, ग्लायकोजेन साठवतात, पण त्याच वेळी गर्भावस्थेचे निदर्शक असलेले अल्फा-फीटोप्रोटीनही बनवत राहतात. प्रौढ यकृतातील सीवायपी-३ए४ हे पी-४५० कुलातील विकर त्यांच्यात कमी आढळते आणि गर्भातील सीवायपी-३ए७ ठळकपणे दिसते. म्हणून त्यांना ‘यकृतसदृश पेशी’ म्हणणेच मला प्रामाणिकपणाचे वाटते.

एवढे असूनही एका प्रश्नासाठी त्यांना तोड नाही, आणि तो म्हणजे विशिष्ट रुग्णाच्या जनुकांचा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१० मध्ये आनुवंशिक यकृतविकार असलेल्या रुग्णांच्या त्वचेतील पेशींपासून यकृतसदृश पेशी घडवल्या, आणि अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या विकारात ते प्रथिन पेशीतच साचून राहते, हे बशीत दाखवले. पुढच्याच वर्षी अशा मूलपेशींतील दोष दुरुस्त करण्यात आला. आजारी आणि दुरुस्त पेशींत फरक केवळ त्या एका दोषाचा राहिला, तर दिसणाऱ्या परिणामाचे कारण सांगणे किती सोपे होते! दात्याच्या पेशींत अशी जोडी मिळवणे जवळपास अशक्य आहे, कारण दुरुस्तीनंतर त्या वाढवता येत नाहीत.

त्यामुळे अनोळखी रेणूचे विघटन किंवा विषारीपणा तपासायचा असेल, तर मी निधीचा मोठा वाटा दात्याच्या पेशींवर, शक्यतो अनेक दात्यांच्या मिश्र खेपेवर खर्च करेन. आनुवंशिक आजार समजून घ्यायचा असेल, तर रुग्णाच्या मूलपेशी आणि त्यांचीच दुरुस्त जोडी घेईन. भारतात त्यासाठी २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या मूलपेशी समितीकडे आधी जावे लागते, म्हणून तो वेळ वेळापत्रकात धरावा. आणि मूलपेशींपासून घडवलेल्या प्रत्येक खेपेबरोबर त्याच बशीच्या एका कोपऱ्यात दात्याच्या पेशी ठेवून अल्ब्युमिन व सीवायपी-३ए४ ची तुलना त्यांच्याशीच करावी. हेपजी-२ शी केलेल्या तुलनेत जवळपास कोणतीही पेशी परिपक्व दिसते.