खऱ्या फोनवर बंद पडणारे ॲप आणि ‘ॲप्लिकेशनएक्झिटइन्फो’: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

महापे एमआयडीसीतील आमचा छोटा चमू सोसायट्यांच्या पाणीमीटरच्या नोंदी घेणारे अँड्रॉइड ॲप सांभाळतो. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांची एकच तक्रार असे, की मीटरचा फोटो काढून परतले की ॲप बंद पडते. कार्यालयातल्या एम्युलेटरवर (संगणकावर चालणाऱ्या आभासी फोनवर) मात्र ते कधीच पडत नसे. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही यासाठी अँड्रॉइड ११ मध्ये आलेली ‘ॲप्लिकेशनएक्झिटइन्फो’ ही सोय वापरत आहोत आणि असिंक्रोनस कोड (उत्तराची वाट पाहताना बाकीचे ॲप अडवून न ठेवणारा कोड) लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती वापरावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधीची प्रोसेस (मेमरीत चालू असलेले ॲप) कशामुळे संपली, हे ॲप पुन्हा सुरू झाल्यावर या सोयीतून कळते: क्रॅश, एएनआर (ॲप प्रतिसाद देईनासे होणे), मेमरीची टंचाई, की वापरकर्त्यानेच केलेले बंद. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक क्रॅशच्या आधी मेमरी टंचाईची एक नोंद सापडली आणि तिथे सगळा उलगडा झाला. कॅमेरा उघडताच आमची प्रोसेस मागे पडे, कमी रॅमच्या फोनवर सिस्टिम ती संपवून टाकी, आणि सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबलेल्या को-रूटीनही (मध्येच थांबून नंतर पुढे चालू होणारी कामे) तिच्याबरोबर नाहीशा होत. कर्मचारी परतला की अँड्रॉइड नवी प्रोसेस उभी करून जुनी स्क्रीन पुन्हा मांडतो. पण को-रूटीनने जे व्हेरिएबल भरायचे ते रिकामेच असते आणि फोटोचा कॉलबॅक (फोटो मिळाल्यावर चालणारा कोड) नेमका त्यालाच हात घालतो. स्टॅक ट्रेसमधली (क्रॅश कोडमध्ये कुठे झाला ते दाखवणाऱ्या यादीतली) ओळ खरी होती, कारण मात्र आधीच्या प्रोसेसमध्ये होते.

ब्रेकपॉइंटचा (कोड ठरावीक ओळीवर थांबवण्याच्या खुणेचा) येथे फारसा उपयोग नाही, कारण प्रोसेस संपली की चूक शोधण्यासाठी जोडलेला डिबगरही तुटतो. ॲप मागे पाठवून संगणकावरून ‘एडीबी शेल एएम किल’ ही प्रोसेस संपवणारी आज्ञा दिली, की हा प्रकार टेबलावरच्या फोनवरही हमखास घडवता येतो. ‘फोर्स स्टॉप’ने तो घडत नाही, कारण त्यात स्क्रीनची जपलेली स्थितीही जाते. आता मीटर क्रमांक ‘सेव्ह्डस्टेटहँडल’मध्ये (स्क्रीनच्या जपलेल्या स्थितीत) राहतो, अपलोड ‘वर्कमॅनेजर’कडे (प्रोसेस संपली तरी काम नंतर पूर्ण करणाऱ्या सोयीकडे) आहे, आणि ती तक्रार थांबली आहे.

मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे ‘सेटप्रोसेसस्टेटसमरी’. प्रोसेस जिवंत असताना तिच्यात छोटी खूण ठेवली, की ती मृत्यूच्या नोंदीसोबत परत मिळते. कोणती को-रूटीन कुठे थांबली होती, हे आम्ही तिथे लिहितो. मर्यादा १२८ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून तिथे आकडी संकेत वापरणेच बरे.

उणिवाही आहेत. एएनआरचा ट्रेस मिळतो, नेटिव्ह क्रॅशचा (सी किंवा सी++ कोडमधल्या क्रॅशचा) अँड्रॉइड १२ पासून मिळतो, पण कोटलिन या भाषेतल्या कोडच्या साध्या एक्सेप्शनचा (चालताना आलेल्या चुकीचा) स्टॅक ट्रेस यात येत नाही, त्यामुळे क्रॅश नोंदवणारे वेगळे साधन लागतेच. काही फोन मेमरीचे कारण स्पष्ट सांगत नाहीत. तिथे फक्त ‘सिगकिल’ या प्रोसेस तत्काळ संपवणाऱ्या सिग्नलची नोंद दिसते, म्हणून फोन ते कारण सांगतो का, हे ‘इजलोमेमरीकिलरिपोर्टसपोर्टेड’ने आधी तपासावे. अँड्रॉइड १० किंवा त्याहून जुन्या फोनवर ही सोयच नाही, आणि आमच्या कर्मचाऱ्यांकडे असे फोन अजून आहेत. त्यांच्यासाठी प्रत्येक टप्प्याची नोंद आम्ही फाइलमध्येच लिहीत आहोत.