लंगोट, कापडी डायपर की वापरून फेकायचा डायपर?

बाळ यायच्या आधी घरात या विषयावर तासभर वाद होतो. बाळ आल्यावर मात्र पहिल्याच रात्री दोन वाजता, जे हाताला लागेल ते बांधलं जातं. तरीही आधी विचार केलेला बरा, कारण सुरुवातीला दिवसाला १० ते १२ वेळा बदलावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: 'कापड चांगलं की डायपर' हा प्रश्न अर्धाच आहे. धुणार कोण आणि रात्री उठणार कोण, एवढं ठरलं की उरलेलं आपोआप ठरतं. आमच्याकडे धुण्याचं खातं माझ्याकडे होतं, म्हणून हे जरा ठासून सांगतोय.

साधा लंगोट म्हणजे मऊ सुती कापड आणि बांधायला बंद. शू झाली की लंगोट ओला, दुपटं ओलं, मांडीवर घेणारं माणूसही ओलं. कापडी डायपरला बाहेरून पाणी न झिरपणारं कव्हर असतं, आत शोषणारं पॅड, आणि बाळ वाढेल तसा आकार वाढवायला बटणं. वापरून फेकायच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाच्या पदार्थाचे बारीक कण असतात. ते शू शोषून फुगतात आणि त्यांचं जेल होतं. कधीकधी बाळाच्या अंगावर साबुदाण्यासारखे पारदर्शक मणी चिकटलेले दिसतात ते हेच. पहिल्यांदा पाहून पोटात गोळा येतो, पण ओल्या कापडाने पुसून घेतले की झालं.

पहिल्या आठवड्यात माझं मत साध्या लंगोटाला, कारण तेव्हा खरं काम मोजायचं असतं. बाळ नवीन, दूध पुरतंय की नाही कळत नाही, आणि अंदाज येतो तो शूवरून. पहिल्या दिवशी एखाद-दोनदा, मग रोज थोडी वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान ६ वेळा शू व्हायला हवी. लंगोटात ती लपत नाही. सुरुवातीच्या दिवसांत पांढऱ्या कापडावर विटकरी-गुलाबी डाग दिसला तर ते बहुतेक वेळा रक्त नसतं, घट्ट लघवीतले युरेटचे कण असतात. दूध वाढलं की डाग जातो. पाचव्या दिवसानंतरही येत राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

फेकायच्या डायपरमध्ये हा हिशेब अवघड जातो, कारण वरून तो कोरडाच लागतो. एक युक्ती आहे. कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओता आणि हातात धरून बघा. शू झालेला डायपर साधारण तेवढा जड लागतो. एकदा हाताला वजन कळलं की अंधारातही चुकत नाही. काही डायपरवर ओलं झाल्यावर रंग बदलणारी पट्टी असते, तीही कामाची.

पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट शी हा वेगळा मामला. तिचे डाग सहजी जात नाहीत. तेवढ्यापुरते टाकून द्यायला मन दुखणार नाही असे जुने कपडे लंगोट म्हणून काढून ठेवा. आणि काहीही बांधलं तरी नाळ पडेपर्यंत त्याची वरची कड नाळेच्या खाली दुमडा.

आता रॅशबद्दल, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. 'डायपरने रॅश येतो' हे निम्मंच खरं. रॅश येतो तो ओलाव्याने, घासण्याने आणि शू-शी एकत्र राहिल्याने: शूमुळे त्वचेची आम्लता घटते, मग शीमधली विकरं (एन्झाइम) जास्त जोराने त्वचेला बोचतात. फेकायचा डायपर ओलावा ओढून घेतो, म्हणून वेळेवर बदलला तर त्वचा ओल्या कापडापेक्षा कोरडी राहते. घोळ असा, की कोरडा लागतो म्हणून आपण तो पाच-सहा तास ठेवतो. लंगोटात ती सोय नाही, ओलं झालं की बाळ बहुधा सांगतंच. म्हणून दिवसा दर दोन-तीन तासांनी बदला आणि शी झाली की लगेच. लाली दिसली तर झिंक ऑक्साइडचं मलम लावा. पावडर नको, तिची भुकटी बाळाच्या श्वासात जाते. जांघेच्या घड्यांमध्ये लालभडक चट्टा आणि कडेने सुटे लाल ठिपके असतील तर ती बहुधा बुरशी असते. तिला डॉक्टरांचंच औषध लागतं.

कापडी डायपर दिसायला देखणे, पण त्यांचे लाड करावे लागतात. नवे आणले की चार-पाच वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाहीत. पॅड मायक्रोफायबरचं असेल तर ते थेट त्वचेला लावायचं नाही, डायपरच्या आतल्या खिशात घालायचं. मी एकदा हौसेने हे डायपर कपडे मऊ करायच्या द्रवात बुडवले. वास छान आला, पण पुढच्या शूचे थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे पॅडवरून घरंगळले आणि पाळणा भिजला. त्या द्रवाचा थर धाग्यांवर बसतो आणि शोषणं बंद होतं. घट्ट मलमाचंही तेच, म्हणून मलम लावलं असेल तेव्हा वर पातळ कापड ठेवा. दर दोन दिवसांनी धुणार असाल तर निदान २४ हवेत. हवा दमट असली की पॅड वाळता वाळत नाहीत.

पर्यावरणासाठी कापड घ्यायचं म्हणत असाल तर धुण्याकडेही बघा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २००८ च्या अभ्यासात कार्बनच्या हिशेबाने दोन्ही जवळजवळ सारखेच निघाले होते. मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या बाळाला वापरलं, तर मात्र कापड स्पष्ट पुढे जातं. कचऱ्याच्या ढिगाचा प्रश्न अर्थातच फेकायच्या डायपरचा.

मग घ्यायचं काय? घरात धुवायला दुसरे हात असतील तर दिवसा लंगोट, दीड-दोन महिन्यांनी कापडी डायपर. दोघंच असाल आणि झोपेचे हाल असतील, तर निदान रात्री तरी फेकायचा डायपर निःसंकोच वापरा. शी झाली नसेल तर नुसत्या शूसाठी गाढ झोपलेल्या बाळाला उठवायची गरज नाही. फक्त नवजात आकाराची मोठी पाकिटं भरून ठेवू नका. मांडीवर लाल वळ उठू लागले, किंवा पोट आणि डायपर यांच्यामध्ये दोन बोटं जाईनाशी झाली, की तो आकार संपला. आमची उरलेली दीड पाकिटं शेवटी सांडलेलं पाणी टिपायला संपली.