आधी उजेड, मग भिंत: डिजिटल मॅट पेंटिंगच्या एका अभ्यासक्रमाविषयी

छायाचित्रात मुळात नसलेली इमारत त्याच छायाचित्रात उभी करायची आणि पाहणाऱ्याला तिचा संशयही येऊ द्यायचा नाही, एवढ्या एकाच कामाला, म्हणजे डिजिटल मॅट पेंटिंगला, वाहिलेला एक रेकॉर्डेड ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. रस्त्यावरून टिपलेल्या जुन्या दगडी इमारतीवर आणखी तीन मजले आणि एक मनोरा चढवणे हा त्यातील मुख्य स्वाध्याय आहे. १९०७ मध्ये चित्रपटकार नॉर्मन डॉन यांनी कॅमेऱ्यासमोर काच उभी करून कॅलिफोर्नियातील जुन्या मिशनांचे (ख्रिस्ती धर्मकेंद्रांचे) ढासळलेले भाग त्या काचेवर रंगवले होते. हा स्वाध्याय म्हणजे त्याच युक्तीची फोटोशॉपमधील आवृत्ती आहे, एवढे सांगून शिक्षक थेट क्षितिजरेषेकडे वळतात.

खालच्या मजल्यांच्या कडा वाढवून लोपबिंदू (समांतर रेषा दूर जाऊन जिथे मिळाल्यासारख्या दिसतात ते बिंदू) शोधणे आणि त्यांवरून कॅमेऱ्याची उंची ठरवणे हा भाग यथार्थदर्शनाच्या कोणत्याही बऱ्या पुस्तकात मिळेल. मला उपयोगी पडली ती त्याआधीची एक सूचना: लेन्समुळे बाहेर फुगलेल्या रेषा प्रथम सरळ करून घ्याव्यात आणि काम संपल्यावर तोच फुगवटा संपूर्ण चित्राला परत द्यावा. हे न केल्यास नवे मजले पट्टीने आखल्यासारखे ताठ दिसतात आणि जुन्या भिंतीशी त्यांचे कधीच जुळत नाही.

अभ्यासक्रमाचे खरे मोल उजेडावरील पाठांत आहे. दगडाचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचा पोत, हाती घेण्याची परवानगी मिळण्यापूर्वी विद्यार्थ्याला संपूर्ण इमारत तीनच करड्या छटांत रंगवावी लागते: उन्हातली बाजू, सावलीतली बाजू आणि छज्जाखालच्या खोल जागा. हे कंटाळवाणे वाटते, परंतु इमारत खोटी का दिसते याचे उत्तर बहुतेक वेळा याच टप्प्यावर सापडते. सावलीच्या कडेचा पाठ तर मी तीनदा पाहिला. आकाशातील सूर्य हा बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून सावली टाकणारी वस्तू भिंतीपासून जितकी दूर, तितकी सावलीची कड पसरट होते. हा पसारा दर मीटर अंतरामागे साधारण १ सेंटीमीटर असतो. त्यामुळे खिडकीच्या चौकटीची सावली धारदार राहते, तर ५० मीटरवरच्या मनोऱ्याच्या सावलीची कड जवळजवळ अर्धा मीटर विरघळलेली असते. सगळ्या सावल्यांच्या कडा एकाच ब्लरने सारख्याच धूसर करण्याची माझी अनेक वर्षांची सवय त्या एका पाठाने मोडली. सावलीत निळे आकाश उजेड टाकत असते आणि छज्जाच्या पोटावर उन्हातल्या जमिनीचा उबदार उजेड उसळून येतो, हेही तिथे पटवून दिले आहे. मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचे चित्र गडद करणाऱ्या पद्धतीने, नुसता काळा रंग ओतून सावली का होत नाही, हे त्यावरून आपोआप कळते.

माझा पहिला मनोरा मात्र खेळण्यातला दिसला. त्याची गडद जागा मी रस्त्यावरच्या दाराइतकीच काळी ठेवली होती, वास्तविक मधल्या हवेमुळे दूरच्या वस्तूंचा काळा उजळतो आणि त्यांचा कॉन्ट्रास्ट उतरतो. मूळ छायाचित्रात त्याच अंतरावर जे सर्वांत गडद दिसते, त्याहून आपला रंग गडद जाऊ देऊ नये, ही कसोटी शिक्षकांनी दिली होती आणि मी ती घाईत ओलांडली होती. उजेड-अंधार कमीजास्त करणारा एक कर्व्ह्ज लेयर (चित्रावरचा वेगळा थर) तात्पुरता चढवून चित्र वाजवीपेक्षा फार उजळ केले, की अशी चूक लगेच उघडी पडते.

टेक्स्चरच्या भागात अभ्यासक्रम घसरतो. ढगाळ उजेडात काढलेली छायाचित्रेच वापरावीत हा सल्ला योग्य आहे, कारण उन्हातल्या दगडाला स्वतःच्या सावल्या चिकटलेल्या असतात. परंतु पुढे काजळी, भेगा आणि शेवाळ यांचा सरसकट मारा होतो. पाण्याचे ओघळ खिडकीच्या पट्टीच्या टोकांपासून सुरू होतात, पावसापासून आडोसा असलेल्या जागी काजळी धुऊन न जाता साचते, अशी कारणे सांगितली असती तर विद्यार्थ्याने डाग कुठे द्यायचा हे स्वतःच ठरवले असते. इथे फक्त ब्रश बदलत राहतात. खिडक्यांची तर उपेक्षाच झाली आहे: सगळ्या एकसारख्या काळ्या. दिवसा काच आकाश आणि समोरच्या भिंती परावर्तित करते, तिरक्या कोनातून पाहिल्यास अधिकच, आणि जुन्या इमारतीत प्रत्येक तावदान किंचित वेगळे कललेले असल्याने शेजारशेजारच्या दोन काचांतही वेगळे तुकडे दिसतात. मी माझ्या चित्रात हा बदल स्वतः केला, आणि वरचे मजले तेव्हा कुठे खालच्यांचे सोबती वाटू लागले.

तीक्ष्णता आणि ग्रेन (छायाचित्रातील बारीक कण) जुळवण्याचा पाठ छोटा आहे, पण पुरेसा आहे. चित्र त्रिमितीय आकारांवर प्रक्षेपित करून कॅमेरा हलवण्याचा भाग मात्र शेवटच्या काही मिनिटांत उरकला आहे. ज्यांना स्थिर चौकटीपलीकडे जायचे आहे, त्यांनी त्यासाठी हा अभ्यासक्रम घेऊ नये. सोबत मिळणारी फाइल मात्र सगळे लेयर शाबूत ठेवून दिलेली आहे. मी तिच्यातील दगड, डाग आणि भेगा एकामागून एक बंद करत गेलो. शेवटी करड्या छटा आणि सावल्या तेवढ्या उरल्या, तरी डोळे किंचित मिटून पाहिल्यावर इमारत जागेवरच उभी होती.